हात आपले, सही कुणाची?

बारावीचे निकाल लागले की लोहा, कंधार, अहमदपूर, मुखेड या भागांतून मला फोन येऊ लागतात. मी मूळचा लोह्याचा, इंजिनीअरिंगची पदवी घेतलेला आणि सध्या सॉफ्टवेअरच्या नोकरीत. एवढ्या भांडवलावर गावाकडची मुलं मला करिअरबद्दल विचारतात. गेल्या काही वर्षांत या फोनांमध्ये एक प्रश्न वारंवार येतो: "भाईजान, एअरक्राफ्ट मेंटेनन्सची डिग्री केली तर नोकरी पक्की ना?" कुणाच्या हातात एखाद्या इन्स्टिट्यूटचं चकचकीत माहितीपत्रक असतं. कुणाच्या अब्बांनी त्यासाठी जमिनीचा तुकडा विकायची तयारी केलेली असते.

प्रश्न चांगला आहे आणि वेळेवर आलेला आहे. पण त्यातल्या 'डिग्री' या एका शब्दाभोवती इतका गोंधळ आहे की उत्तर चुकलं तर घराचे काही लाख आणि मुलाची तीन-चार वर्षं जातात. म्हणून फोनवर सुटं सुटं सांगण्यापेक्षा ते इथे सविस्तर लिहितो.

काम वाढतंय, हे खरं

आधी आपल्या दारातली गोष्ट. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेची पहिली विमानं उडाली, त्यांत शिमला–दिल्लीसोबत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. लोह्याच्या बसस्थानकापासून तासाभरावरच्या विमानतळावर नियमित प्रवासी विमान उतरू लागलं. आपल्या गल्लीतली मुलं ते पाहायला मोटारसायकलवर जायची.

त्यानंतर देशातल्या कंपन्यांनी विमानांच्या प्रचंड ऑर्डरी दिल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची खरेदी जाहीर केली, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची, आणि जानेवारी २०२४ मध्ये अकासाने १५० विमानांची. ही सगळी विमानं एकदम येणार नाहीत, वर्षानुवर्षं येत राहतील. पण आलेल्या प्रत्येक विमानाला रोज तपासणारे हात लागतात. दर उड्डाणाआधीची तपासणी, रात्रीची तपासणी, ठरावीक तासांनंतरची मोठी तपासणी आणि काही वर्षांनी विमान जवळजवळ पूर्ण उघडून केलेली देखभाल, अशी ही न संपणारी साखळी आहे.

भारतीय विमानांची मोठी कामं बरीच वर्षं परदेशात जात होती. २०२० मध्ये विमान देखभालीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि देशातली केंद्रं वाढू लागली. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेलं देखभाल केंद्र आहे. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना आहे आणि तिथे एअरबस ए-३२० विमानांची देखभाल करण्यासाठी एचएएल व एअरबस यांच्यात २०२४ मध्ये करार झाला. आपल्याला मुंबईपेक्षा जवळ असलेल्या हैदराबादेत जीएमआरचे हँगर आहेत, आणि सॅफ्रान या फ्रेंच कंपनीने लीप इंजिनांच्या देखभालीचं केंद्रही तिथेच उभं केलं आहे.

म्हणजे काम आहे. प्रश्न एवढाच, की त्या कामात आपण कोणत्या पायरीवर उभे राहणार?

विमान सोडतो तो लायसन्सवाला

दुरुस्ती झाल्यावर विमान पुन्हा उडवायला योग्य आहे, असं प्रमाणपत्र कुणीतरी सही करून द्यावं लागतं. इंग्रजीत त्याला 'सर्टिफिकेट ऑफ रिलीज टू सर्व्हिस' म्हणतात. ही सही झाल्याशिवाय ते विमान प्रवासी घेऊन निघत नाही. कंपनीचा मालकही तिच्याऐवजी आपली सही करू शकत नाही.

सहीचा हा अधिकार पदवीने मिळत नाही. तो एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनीअरच्या, म्हणजे एएमईच्या लायसन्सने मिळतो, आणि ते लायसन्स कोणतंही विद्यापीठ देत नाही. ते देते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. त्याचे नियम सीएआर-६६ या नावाने ओळखले जातात. शिकवणाऱ्या संस्थांना सीएआर-१४७ खाली मान्यता लागते आणि देखभाल करणाऱ्या संस्थांना सीएआर-१४५ खाली. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माहितीपत्रकात ते सापडले नाहीत तर पुढचं पान उलटू नका.

लायसन्सचे मुख्य प्रकार असे. 'ए' हा मर्यादित कामांचा. 'बी १' हा विमानाचा सांगाडा, इंजिन आणि यांत्रिक-विद्युत यंत्रणांचा. 'बी २' हा एव्हिऑनिक्सचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक उपकरणं, रेडिओ, दिशादर्शन यांचा. 'सी' हा मोठ्या देखभालीनंतर संपूर्ण विमानासाठी सही करणाऱ्याचा, आणि तो अनुभवानंतरच मिळतो. प्रवासी जेट विमानांवर काम करायचं असेल तर बहुतेक मुलांसाठी 'बी १.१' किंवा 'बी २' हेच लक्ष्य असतं.

त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं, किंवा त्याच्या बरोबरीचं शिक्षण. बी १.१ चा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम २४०० तासांचा असतो. त्यात गणित, भौतिकशास्त्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, धातू व सुटे भाग, देखभालीच्या पद्धती, वायुगतिकी, मानवी चुका, कायदे, टर्बाइन इंजिन असे विषय मॉड्यूलच्या रूपात येतात. त्यांच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि उडत्या विमानांवरचा प्रत्यक्ष अनुभवही दाखवावा लागतो. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केलेल्याला बी १.१ साठी २ वर्षांचा, इतरांना त्याहून जास्त. लायसन्स हातात आल्यावरही एखाद्या विशिष्ट विमानावर, समजा ए-३२० वर, सही करायला त्या विमानाचं टाइप रेटिंग लागतं, आणि शेवटी कंपनीचं अधिकारपत्र. रस्ता लांब आहे. 'तीन वर्षांत लाखाचा पगार' असं कुणी सांगत असेल तर तो यातल्या अर्ध्या पायऱ्या गाळून सांगतो आहे.

आता पदवीकडे वळू. विद्यापीठांच्या पदव्या दोन तऱ्हेच्या आहेत. एक बी.टेक. एरोनॉटिकल किंवा एरोस्पेस. हे विमानाच्या रचनेचं, गणनेचं आणि संशोधनाचं शिक्षण आहे. उत्तम आहे, पण ते पूर्ण केलं म्हणून सहीचा अधिकार मिळत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे देखभालीच्या प्रशिक्षणाला जोडून दिलेली बी.एस्सी., उदाहरणार्थ मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. एरोनॉटिक्स. अशा अभ्यासक्रमात संस्थेला डीजीसीएची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता दोन्ही असतील, तर एकाच काळात पदवीचा आणि लायसन्सचा रस्ता चालता येतो. फसवणूक होते ती तिसऱ्या प्रकारात. नावात 'एव्हिएशन' आहे, फोटोत हँगर आहे, शेवटी पदवी किंवा पदविकाही मिळते, पण डीजीसीएच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत नाव नसतं. असं शिकून आलेला माझ्या ओळखीचा एक मुलगा आज हैदराबादेत विमानतळावर सामान चढवण्याचं काम करतो. काम कोणतंच हलकं नसतं, पण त्याच्या अब्बांनी त्या कामासाठी कर्ज काढलं नव्हतं.

गॅरेजचा हुनर आणि अंदाजाची सवय

नांदेड–लातूर रस्त्यावर लोह्याच्या आसपास जेवढी गॅरेजं, वेल्डिंगची दुकानं, मोटार रिवाइंडिंगवाले आणि ट्रॅक्टर फिटर दिसतात, त्यांत आपल्या समाजाची माणसं किती आहेत हे सांगायला सर्व्हे नको. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलंच होतं की मुस्लिम कामगार पगारी नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त आहेत. उस्तादाच्या हाताखाली बारा-तेरा वर्षांचा शागीर्द येतो, पाना धरायला शिकतो, आणि विशीत पोचेपर्यंत नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड सांगतो. हा हुनर खरा आहे. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचं इंजिन बनवणारा चार्ली टेलर हाही त्यांच्या सायकल दुकानातला मेकॅनिक होता, आणि त्याने ते इंजिन सहा आठवड्यांत तयार केलं होतं.

पण त्या दिवसापासून आजपर्यंत विमानाच्या दुनियेत एक मोठा बदल झाला. अनुभवी हाताचा अंदाज तिथे आता चालत नाही. का चालत नाही, याचं उदाहरण प्रत्येक एएमई विद्यार्थ्याला शिकवलं जातं.

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं ५३९० क्रमांकाचं विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. सुमारे १७,३०० फुटांवर कॉकपिटची डावीकडची काच निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. केबिनमधल्या सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सर्वजण वाचले, कॅप्टनसुद्धा. चौकशीत कळलं की त्या उड्डाणाच्या २७ तास आधी ती काच बदलली होती. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट योग्य मापापेक्षा व्यासाने बारीक होते, फरक इंचाच्या हजारात २६ भागांचा. उरलेले ६ लांबीला कमी होते. काम करणारा माणूस नवशिका नव्हता. तो अनुभवी शिफ्ट मॅनेजर होता. त्याने जुना बोल्ट हातात घेतला आणि त्याच्याशी जुळणारे नवे बोल्ट नजरेने निवडले. सुट्या भागांच्या कॅटलॉगमधला क्रमांक पाहिला नाही. त्या जागी कोणता बोल्ट लागतो हे स्टोअरवाल्याने सांगितलं होतं, तेही मानलं नाही.

आपल्या गॅरेजात हेच रोज होतं आणि गाडी चालतेही. बोल्ट जुळतोय ना, बसतोय ना, मग झालं. विमानात मात्र बोल्टाचा क्रमांक, तो किती टॉर्कने आवळला याचा आकडा, कोणत्या मॅन्युअलच्या कोणत्या कलमाप्रमाणे काम केलं याची नोंद, सगळं कागदावर यावं लागतं. पॅनेल बंद करण्याआधी पेटीतलं प्रत्येक हत्यार मोजतात. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आमच्या हातून बग सुटला तर रात्री पॅच टाकून सकाळी पुन्हा सुरू करता येतं. हवेतल्या विमानाला ती सोय नाही.

म्हणून गॅरेजमधल्या मुलाला मी दोन गोष्टी एकत्र सांगतो. तुझा हात इतरांपेक्षा पुढे आहे, त्याची लाज बाळगू नकोस. आणि अंदाजाने काम उरकायची सवय आजपासून सोड, कारण तिथे तीच तुला अडवील. शिक्षण म्हणजे काय, तर हाताला लागलेली ही शिस्त. परीक्षा आणि लायसन्स ही शिस्त तपासतात.

मग पदवी कशाला?

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग पदवीचा नाद सोडू, लायसन्स बास. मला तेही पटत नाही. लायसन्स माणसाला हँगरमध्ये उभं करतं. वीस वर्षांनी तो कुठे असेल, हे ठरवायला पदवी लागते.

पहिलं कारण, कंपन्या बुडतात. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. आपल्या नांदेडला जोडणाऱ्या ट्रूजेटची विमानंही २०२२ मध्ये उडायची थांबली. लायसन्स चालू ठेवायला अलीकडच्या २ वर्षांत किमान ६ महिने प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं, आणि टाइप रेटिंग एका जातीच्या विमानापुरतं असतं. अशा वेळी ज्याच्याकडे मान्यताप्राप्त पदवी आहे त्याला दुसऱ्या उद्योगाचं, बँक किंवा सरकारी परीक्षेचं, एम.बी.ए. वा एम.एस्सी.चं दार उघडं असतं. फक्त लायसन्स असलेला दुसऱ्या विमान कंपनीची वाट पाहत बसतो.

दुसरं कारण बढतीचं. हँगरमध्ये सही करणं हा एक टप्पा. त्यापुढे गुणवत्ता विभाग, देखभालीचं नियोजन, विमान भाड्याने देणाऱ्या कंपन्यांची तांत्रिक तपासणी, प्रशिक्षण संस्थेत शिकवणं, आणि खुद्द डीजीसीएमधली अधिकारीपदं, जिथली भरती यूपीएससीमार्फत होते. या खुर्च्यांच्या जाहिरातींमध्ये पदवीचा रकाना असतो. माझ्या क्षेत्रातलं उदाहरण देतो. विमानांच्या देखभालीची नोंद ठेवणारी मोठी सॉफ्टवेअर आहेत. त्यांपैकी एक चेन्नईची रॅमको कंपनी बनवते. असं सॉफ्टवेअर बनवायला कोड लिहिणारे हजारो मिळतात, पण हँगर आतून पाहिलेला आणि वर पदवीही असलेला माणूस शोधावा लागतो.

तिसरं कारण आखाताचं. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यातून कुणी ना कुणी दुबई, दोहा, जेद्द्याला आहे. तिथली विमान प्राधिकरणं आपापलं लायसन्स देतात आणि भारतीय लायसन्स व अनुभव हा त्याचा पाया ठरतो. पण व्हिसावरचा हुद्दा आणि पगाराची श्रेणी ठरताना अटेस्ट केलेली पदवी मागितली जाते. हेल्पर म्हणून गेलेला आणि इंजिनीअर म्हणून गेलेला एकाच विमानात बसून जातात, परततात मात्र वेगळ्या परिस्थितीत.

देशातही हा फरक दिसतो. जुलै २०२२ मध्ये इंडिगोच्या देखभाल तंत्रज्ञांनी कमी पगाराच्या निषेधार्थ हैदराबाद आणि दिल्लीत मोठ्या संख्येने आजारपणाच्या रजा टाकल्या होत्या. तंत्रज्ञ म्हणजे तोच, जो लायसन्सवाल्याच्या देखरेखीखाली काम करतो. बोल्ट तो आवळतो, सही दुसऱ्याची असते. बरेच एएमई उमेदवार सुरुवात याच पायरीवर करतात. त्यात कमीपणा नाही. धोका तिथेच अडकून पडण्याचा आहे.

माझा हिशेब असा. लायसन्स आधी किंवा पदवीसोबत, पण पदवीच्या बदल्यात लायसन्स सोडायचं नाही. दोन्ही देणारी मान्यताप्राप्त संस्था परवडत असेल तर तिथे जा. परवडत नसेल तर लायसन्सचा अभ्यासक्रम करा, तंत्रज्ञ म्हणून कामाला लागा आणि इग्नू किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी करत पदवी पूर्ण करा. एक खबरदारी घ्या. पूर्वी एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडियाची सदस्यत्व परीक्षा देऊन कामावरची माणसं इंजिनीअरिंग पदवीची बरोबरी मिळवत. अशा परीक्षांची ती मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरती राहिली. जुने लोक हा मार्ग सुचवतील, त्यांना आदराने हे सांगा.

अडतं कुठे

अडतं तीन ठिकाणी. गणित, इंग्रजी आणि पैसा.

गणिताचं नुकसान दहावीनंतर होतं. 'सायन्स अवघड आहे, आर्ट्सला टाका, दुकान सांभाळून होईल' हे वाक्य आपल्या घरांत किती वेळा बोललं जातं! दहावीनंतर गणित-भौतिक सोडलं की एएमईचा सरळ रस्ता त्याच दिवशी बंद होतो. ज्यांचा तो बंद झाला आहे त्यांच्यासाठी आयटीआयचा रस्ता आहे. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दासो कंपनीच्या मदतीने 'एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर' हा ट्रेड सुरू झाला. एचएएलसारखे कारखाने आयटीआय झालेल्यांना अप्रेंटिस म्हणून घेतात.

इंग्रजीची भीती उर्दू आणि मराठी दोन्ही माध्यमांच्या मुलांना आहे. त्यांना एक दिलासा देतो. विमानांची मॅन्युअल्स 'सिंप्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाच्या आखून दिलेल्या इंग्रजीत लिहितात. १९८० च्या दशकात युरोपीय विमान उद्योगाने ती घडवली, कारण मॅन्युअल वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. तिच्या मूळ शब्दकोशात सामान्य शब्द साधारण ९०० आहेत, त्यांवर तांत्रिक नावं. एका शब्दाला एकच अर्थ, वाक्यं छोटी. शेक्सपिअर वाचता आला नाही तरी चालेल. रोज दहा शब्द पाठ केले तर तीन महिन्यांत ते ९०० शब्द आपले होतात.

पैशाचा प्रश्न सर्वांत कठीण. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत डीजीसीएने मान्य केलेल्या विमानविषयक अभ्यासक्रमांचा उल्लेख आहे, आणि पतहमी योजनेखाली ७.५ लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे. बँकेने तोंडी 'नाही' म्हटलं तर अर्ज लेखी द्या आणि उत्तरही लेखी मागा. व्याजामुळे कर्जच नको म्हणणारी घरंही आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी मोहल्ल्याने बिनव्याजी निधी उभा करणं हाच मार्ग. एका लग्नाच्या मंडपाच्या आणि जेवणावळीच्या खर्चात एका मुलाची वर्षाची फी निघते, हे आपल्याला माहीत आहे.

आणि मुलींबद्दल. लायसन्सच्या अर्जात पात्रतेच्या अटी आहेत, त्यांत मुलगा असण्याची अट नाही. बी २ चं काम म्हणजे वायरिंग, संगणक आणि मोजमाप यांचं. कंधार-लोह्याच्या शाळांत गणितात पहिल्या येणाऱ्या मुलींना हा पर्याय कुणी सांगतच नाही. रात्रपाळी असते हे खरं. रात्रपाळी नर्सलाही असते, आणि आपल्या कितीतरी लेकी ती करतात.

आता काय करायचं

विद्यार्थ्यांनी प्रवेशाआधी चार प्रश्न लेखी विचारावेत. सीएआर-१४७ ची मान्यता कोणत्या प्रकारच्या लायसन्ससाठी आणि कधीपर्यंत आहे? प्रत्यक्ष काम कोणत्या देखभाल संस्थेत आणि किती महिने? गेल्या तुकड्यांतल्या किती जणांना लायसन्स मिळालं? पदवी कोणत्या विद्यापीठाची? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'शंभर टक्के प्लेसमेंट' असं आलं तर समजा, प्रश्न टाळला गेला. मान्यतेची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. एजंटाने पाठवलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका.

समाजातल्या शिकलेल्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, आठवड्यातून एक तास अकरावीच्या गणिताला द्यावा. ऑनलाइन होतं, पुण्याहूनही होतं. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन गॅरेज उस्तादांना भेटून शागीर्दाला बारावीची परीक्षा देऊ द्या, एवढं पटवणं हेही मोठं काम आहे.

आणि एक मागणी आपल्या विद्यापीठाकडे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड आणि लातूर दोन्ही विमानतळ आहेत. अमेरिकेत एम्ब्री-रिडल विद्यापीठ मेकॅनिकच्या सरकारी प्रमाणपत्राचं श्रेयांकात रूपांतर करून त्याला देखभालीच्या पदवीत पुढे जाऊ देतं. आपल्याकडे २०२१ पासून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, २०२३ पासून राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आहे, आणि कौशल्याला व अनुभवाला श्रेयांक द्यायची तरतूद त्यात आहे. मग डीजीसीएची मॉड्यूल्स उत्तीर्ण झालेल्या मुलाला बी.एस्सी. किंवा बी.व्होक.चे श्रेयांक का मिळू नयेत? ही मागणी फक्त मुस्लिमांची नाही. लोह्यातल्या मातंग, धनगर, लिंगायत, मराठा, सगळ्या घरांतल्या फिटरच्या मुलाची आहे. निवेदन सगळ्यांनी मिळून द्यावं.

आपल्या ग्रुपांवर नवव्या शतकातल्या कोर्दोबाच्या अब्बास इब्न फिरनासचा मेसेज फिरत असतो, 'पहिला उडणारा आपला होता' म्हणून. त्याची गोष्ट सांगणारा अल-मक्करी हेही सांगतो की तो उतरताना जखमी झाला, कारण शेपटीचा विचार त्याने केला नव्हता. मेसेज पुढे ढकलण्याआधी ती ओळही वाचावी. विमानाच्या कामात अभिमानाला जागा आहे, पण ती तपासणी पूर्ण झाल्यावर.

यंदा दहावीला बसलेल्या मुलाचा नंबर लागेल, मॉड्यूल निघतील, अनुभव होईल, तेव्हा २०३० उलटून गेलेलं असेल. आज ऑर्डर दिलेली बरीच विमानं तोवर देशात आलेली असतील. त्यांच्यावर काम करणारे हात आपल्या भागातले असणारच, त्याची मला चिंता नाही. त्या कामाखालच्या सहीत आपली नावं असावीत, यासाठी अकरावीच्या फॉर्मवर या वर्षी गणित लिहा.